गर्भजलाल्पता

गर्भाच्या वयाच्या मानाने पाणमोटेतील पाणी (गर्भजल) कमी असण्याची अवस्था. बोलण्यात ‘पाणी कमी झालंय’ एवढेच म्हणतात. सुरुवातीचे गर्भजल मुख्यतः मातेच्या रक्तद्रवातून झिरपते. साधारण १६ व्या आठवड्यापासून मात्र त्यातला मोठा वाटा गर्भाच्या मूत्राचा असतो, आणि गर्भ तेच पाणी गिळतही असतो. त्यामुळे पाणी घटले की आधी शोध घ्यायचा तो पाणमोट फुटल्याचा, गर्भाच्या मूत्रमार्गातील दोषाचा आणि वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) नीट काम करत नसल्याचा. दिवस उलटून गेल्यावरही पाणी घटते. विशिष्ट वेदनाशामके व रक्तदाबाच्या काही गोळ्या हेही कारण असू शकते.

नेमके किती म्हणजे कमी, याबद्दल एकमत नाही. पोटाचे बेंबीपाशी चार भाग कल्पून सोनोग्राफीचा प्रोब सरळ उभा धरतात आणि प्रत्येक भागातला पाण्याचा सर्वांत खोल कप्पा मोजतात. त्यात नाळ किंवा हातपाय आलेले चालत नाहीत. चारही मापांची बेरीज म्हणजे गर्भजल निर्देशांक (अहवालातला ‘ए.एफ.आय.’). अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ फेलन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो रूढ केला, ५ सेंमी. किंवा त्याहून कमी बेरीज अल्पता मानतात. दुसरी रीत एकाच सर्वांत खोल कप्प्याची. तिथे मर्यादा २ सेंमी. पहिल्या रीतीने अल्पतेचे निदान व कळा आणवण्याचे प्रमाण वाढते, बाळाचे हित मात्र अधिक साधत नाही, असे तुलनात्मक चाचण्यांत (त्यांपैकी एक जर्मनीतील, २०१६) दिसले. म्हणून एका कप्प्याचे माप अधिक ग्राह्य वाटते. आपल्याकडील अहवालांत मात्र बेरीजच सर्रास आढळते.

परिणाम काळावर ठरतात. पाणी २४ व्या आठवड्याच्या आधीच फार घटले, तर फुप्फुसे अपुरी वाढतात आणि दाबामुळे पाय वाकडे होतात. मूत्रपिंडेच नसलेल्या अर्भकांची दबलेली चेहरेपट्टी अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये वर्णिली. शेवटच्या महिन्यांत नाळ दबून बाळाचे ठोके घसरण्याची भीती असते. आईला थेट त्रास बहुधा नसतो; पाणमोट फुटली असेल तर जंतुसंसर्ग, एरवी सिझेरियनची वाढलेली शक्यता.

‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला निराधार नाही: दोनेक लिटर पाण्याने निर्देशांक वाढतो. बाळंतपण त्यामुळे सुखरूप होतेच, हे सिद्ध नाही.

चरकसंहितेतील (शारीरस्थान, ८) उपविष्टक व नागोदर हे गर्भविकार म्हणजे हीच अवस्था, असे काही आधुनिक वैद्य मानतात. परंतु तेथील भर गर्भाची वाढ खुंटण्यावर व तो सुकण्यावर आहे. त्यामुळे हे वर्णन गर्भवाढ खुंटण्याच्या विकाराशी अधिक जुळते.