फेअर हाउसिंग ॲक्ट

घर विकताना, भाड्याने देताना किंवा घरासाठी कर्ज देताना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून माणसाला नाकारायला मनाई करणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा. १९६८ च्या नागरी हक्क कायद्याचा हा आठवा भाग. ११ एप्रिल १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. सार्वजनिक जागा आणि नोकरीतला भेदभाव १९६४ च्या कायद्याने मोडला, मतदानातला १९६५ च्या. घराचा प्रश्न सर्वांत शेवटी आला, कारण तो उत्तरेकडच्या गोऱ्या मतदारांच्या अगदी शेजारी येऊन ठेपत होता.

गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या आपसूक वेगळ्या झाल्या नव्हत्या. महामंदीत गहाण पडलेली घरे सोडवण्यासाठी १९३३ मध्ये सरकारी गृहमालक कर्ज महामंडळ स्थापन झाले. त्याने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे हिरवा, निळा, पिवळा आणि लाल अशा चार रंगांत रंगवले. लाल म्हणजे कर्जाला सर्वांत धोक्याचा भाग. सोबतच्या तक्त्यात वस्तीत कृष्णवर्णीय किती टक्के आणि कोणाची ‘घुसखोरी’ चालू आहे, यांसाठी चक्क रकाने होते. वस्तीच्या वस्ती कर्जातून वगळण्याला पुढे ‘रेडलायनिंग’ म्हणू लागले. मात्र सगळे खापर या नकाशांवर फोडणे बरोबर नाही, कारण महामंडळाने लाल भागांतही कर्जे दिली. जास्त घात केला तो १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. ती बँकांच्या गृहकर्जांचा विमा उतरवायची. विमा मिळाला की कमी आगाऊ रकमेत, लांब मुदतीच्या हप्त्यांवर साध्या पगारदाराचेही घर व्हायचे. पण तिच्या नियमपुस्तिकेने वंशमिश्रित वस्ती हा धोका मानला आणि ‘कृष्णवर्णीयांना विकणार नाही’ अशा खरेदीखतातल्या अटींची शिफारस केली.

डेट्रॉइटमध्ये याचा पुरावा आजही उभा आहे. कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायला निघालेल्या विकासकाला जागेमुळे सरकारी विमा नाकारला गेला. १९४१ मध्ये त्याने दोन्ही वस्त्यांच्या मधोमध सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. भिंत झाली आणि विमा मंजूर झाला. खरेदीखतांतल्या वांशिक अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात दिला. तरी दलाल आणि बँका यांचा शिरस्ता सुटला नाही.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत सर्व वस्त्यांतली घरे सर्वांना खुली व्हावीत म्हणून मोर्चे काढले, तेव्हा मार्केट पार्क भागात त्यांच्या डोक्यात दगड बसला. त्याच वर्षी विधेयक सिनेटमध्ये अडले. १९६८ मध्ये ते पुढे नेले डेमोक्रॅट वॉल्टर मॉन्डेल आणि रिपब्लिकन एडवर्ड ब्रुक या सिनेटरांनी. ब्रुक स्वतः कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात लढून परतल्यावर हवे तिथे घर मिळाले नाही, हा अनुभव त्यांनी सभागृहात सांगितला. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला, शहरे पेटली, आणि सहाच दिवसांनी प्रतिनिधिगृहाने २५० विरुद्ध १७२ मतांनी विधेयक संमत केले.

मंजुरीसाठी मोठी किंमत मोजावी लागली. गृहनिर्माण खात्याकडे फक्त समेट घडवण्याचे काम उरले. दंड करण्याचा अधिकार काढून घेतला गेला. मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतींना बरीच सूट मिळाली. त्यातही मोठी अडचण पुराव्याची होती. ‘जागा गेली’ एवढे हसून सांगितले की पुढे काय सिद्ध करणार? त्यावर निघालेली युक्ती म्हणजे ‘टेस्टर’: एक गोरा आणि एक काळा माणूस एकाच मालकाकडे थोड्या अंतराने चौकशी करतात आणि दोघांना मिळालेली उत्तरे ताडून पाहिली जातात. व्हर्जिनियात १९७८ मध्ये अशाच चौकशीत काळ्या टेस्टरला जागा नाही आणि गोऱ्याला आहे असे सांगितल्याची तक्रार झाली. घर घ्यायचे नसले तरी खोटी माहिती मिळणे हीच इजा आहे, म्हणून टेस्टरला दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘हेवन्स रिअल्टी’ खटल्यात ठरवले.

१९७४ मध्ये लिंगभेदाची भर पडली. १९८८ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्ती आणि मुले असलेली कुटुंबे यांना संरक्षण मिळाले आणि अंमलबजावणीला दात आले. ‘मूळ देश’ या शब्दांचा आधार भारतीयांनाही आहे. न्यू जर्सीत भाड्याची जागा शोधणाऱ्या मराठी कुटुंबाला केवळ भारतीय म्हणून परत पाठवणे बेकायदा ठरते. कर्जाच्या बाजूने १९७५ च्या गृहकर्ज माहिती कायद्याने आणि १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्टने जोड दिली. बँकेने ज्या भागातून ठेवी घ्यायच्या तिथल्या गरीब वस्त्यांच्याही कर्जाच्या गरजा भागवायच्या, ही दुसऱ्या कायद्याची साधी मागणी.

सामान्य अमेरिकी कुटुंबाची मुख्य पुंजी म्हणजे घर, त्यामुळे तीस-चाळीस वर्षे दार बंद राहिल्याचा हिशेब नातवंडांपर्यंत पोचला. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर आढळली. नकार थांबवणारे कलम ही तफावत एकट्याने भरून काढू शकत नाही. म्हणूनच सरकारी निधी घेणाऱ्यांनी वस्त्यांची विभागणी मोडण्यासाठी स्वतःहून पावले उचलावीत, हे कायद्यातले दुसरे कलम मोलाचे आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. त्यासाठीचा सविस्तर नियम २०१५ मध्ये आला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२१ मध्ये अंशतः परतला आणि २०२५ मध्ये पुन्हा काढून टाकण्यात आला. मूळ कलम कायद्यात कायम आहे.