रिपोर्टवर म्हातारपण दिसतं, पण ते वयाचंच असतं का?

पस्तिशीतला रुग्ण, न्यूमोनिया पाठ सोडत नाही. फ्लो सायटोमेट्रीचा (रक्तातल्या पेशी त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून मोजणारी चाचणी) रिपोर्ट मात्र पंचाहत्तरीच्या आजोबांचा शोभेल असा: कोऱ्या (अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या) टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी; त्यांच्यातल्या सीडी८ पेशींवरची सीडी२८ ही खूण गेलेली, थकलेल्या पेशींवरची सीडी५७ ही खूण आलेली. निदान सीव्हीआयडी (कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशिएन्सी), म्हणजे अँटिबॉडी पुरेशा न बनण्याचा आजार; प्रायमरी, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे किंवा औषधामुळे न आलेल्या इम्युनोडेफिशिएन्सींपैकी प्रौढांत लक्षणांसह सर्वात जास्त सापडणारा. अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती अकाली म्हातारी झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते घाईचं वाटतं.

वयानुसार छातीतली, टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी आक्रसते, तिच्या जागी चरबी साठते, नव्या टी-पेशी कमी निघतात. हे मोजायला ट्रेक चाचणी आहे. थायमसमध्ये टी-पेशी घडताना डीएनएचं एक छोटं कडं सुटतं, तेच ट्रेक. पुढे पेशी विभागली तरी कडं दुप्पट होत नाही, दोघींपैकी एकीकडेच जातं. म्हणजे ट्रेक कमी येण्याची कारणं दोन: थायमस मंदावली, किंवा पेशी फार वेळा विभागल्या. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं ते कळत नाही. सीव्हीआयडीत सततचा संसर्ग आणि ऑटोइम्युनिटी (प्रतिकारशक्तीचा स्वतःच्याच शरीरावर हल्ला) पेशींना विभागायला लावतच असतात. सीडी५७ तर आणखी फसवं. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच गाठतो, आणि धडधाकट माणसातही तो हे चित्र उभं करू शकतो. सीडी२१ ही खूण कमी असलेल्या बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचं मूळ) म्हातारपणी वाढतात, काही सीव्हीआयडी रुग्णांत वाढतात, ल्युपस या ऑटोइम्यून आजारातही वाढतात.

खरा फरक साध्या चाचणीत दिसतो: आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार. प्रौढांत तो साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो आणि नुसत्या वयाने सहसा पडत नाही. सीव्हीआयडीत तो बराच खाली असतो, जोडीला आयजीए किंवा आयजीएम हे अँटिबॉडींचे दुसरे प्रकारही कमी. लसीनंतर वृद्धांच्या अँटिबॉडी कमी वाढतात, पण वाढतात. सीव्हीआयडीत बहुधा नावापुरत्या. (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या अँटिबॉडींचं औषध, सुरू करण्याआधीच हे तपासून घ्यावं. नंतर मोजाल तो आयजीजी बराचसा रक्तदात्यांचा.)

म्हणूनच सत्तरीतल्या आजींचा आयजीजी ३५० आला तर ‘वय झालं’ म्हणून फाईल मिटू नये. सीएलएल आणि मायलोमा हे रक्ताचे कर्करोग, बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब हे औषध, दीर्घकाळचे स्टेरॉइड, लघवीतून जाणारं प्रथिन हे आधी पाहायचं. यातलं काहीच नसेल, तर सत्तरीतही सीव्हीआयडीचा विचार करायचा.