आर्केड कॅबिनेटवरील स्टेन्सिल-रंगकाम

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या लाकडी कॅबिनेटवरील मूळ चित्रे, त्यांचे साचे (स्टेन्सिल) कापून, पुन्हा रंगवण्याची पद्धत. मिडवे कंपनीची ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि ‘पॅक-मॅन’ (१९८०), विल्यम्स कंपनीची ‘डिफेंडर’ (१९८१) आणि ‘रोबोट्रॉन : २०८४’ (१९८२) या अमेरिकेत बनलेल्या कॅबिनेटांच्या बाजू कारखान्यातच स्टेन्सिल लावून फवाऱ्याने रंगवलेल्या असत. अटारीच्या ‘सेंटिपीड’वर मात्र छापील स्टिकर होते. स्टिकर खराब झाला तर नवा छापून चिकटवता येतो. स्टेन्सिलचे चित्र म्हणजे लाकडावर चढलेला रंगच असल्यामुळे ते पुन्हा रंगवावेच लागते.

कामाची सुरुवात जुन्या चित्राची नक्कल उतरवण्यापासून होते, आणि सगळ्या कामाचा भरवसा याच पायरीवर असतो. एका गेमची चलती संपली की मालक त्याच कॅबिनेटमध्ये दुसरा गेम बसवीत आणि बाजूंना सरसकट काळा रंग फासून टाकीत. तरीही खालचे चित्र बहुधा हाती लागते. स्टेन्सिलच्या रंगाची कड किंचित उंच असते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कॅबिनेटच्या बाजूला टेकवल्यासारखा आडवा धरला की ती उठून दिसते, बोटालाही लागते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सावकाश घासत वरचा थर उतरवतात. घाई केली तर मूळ रंगही निघून जातो, आणि मग नक्कल करायला काही उरत नाही. म्हणून कुठलीही लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरण्याआधी पारदर्शक प्लास्टिकवर प्रत्येक कड पेनाने गिरवून घ्यावी, कॅबिनेटच्या कडांपासूनची अंतरे लिहावीत आणि उन्हाने न विटलेल्या कोपऱ्यातून रंगाचा नमुना जुळवावा.

ही नक्कल स्कॅन करून संगणकावर रेषा नीट आखतात आणि दर रंगाला एक असे वेगळे साचे करतात. धान्याच्या पोत्यावर नाव उमटवायचा पत्र्याचा छाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली अडचण लगेच कळेल : इंग्रजी ‘ओ’ कापला की मधला गोल गळून पडतो, म्हणून तो धरून ठेवायला पत्र्याच्या बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. प्लॉटरवर (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापलेल्या कमी चिकटीच्या फिल्ममध्ये असे सुटे तुकडेही जागच्या जागी चिकटून राहतात. पण मूळ चित्रात त्या पट्ट्यांच्या फटी असतील, तर त्या ठेवल्याच पाहिजेत. त्या बुजवणे म्हणजे चित्र ‘सुधारणे’, जीर्णोद्धार नव्हे.

पुढचे काम धीराचे आहे. फुगलेले, तुटलेले कोपरे लांबीने भरायचे, प्राइमर मारायचा, मग जमिनीचा, म्हणजे चित्राखालचा सपाट रंग. ‘पॅक-मॅन’ला पिवळा, ‘मिस पॅक-मॅन’ला निळा. हा थर पुरता वाळू द्यावा लागतो, नाहीतर फिल्मबरोबर तोही उचकटतो. साचा खुणांवर बसवून कडा बोटाने दाबल्या की आधी जमिनीच्याच रंगाचा एक हलका हात फिरवतात. फिल्मखाली शिरायचा तेवढा रंग तोच शिरतो आणि दिसत नाही. त्यानंतर चित्राचा रंग, एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थरांत. रंग कडक होण्याआधी फिल्म तिरकी, जवळजवळ स्वतःवर दुमडत ओढली तर कड स्वच्छ येते. दोन रंग भिडतात तिथे वरचा रंग खालच्यावर जरासा चढेल असा साचा मुळातच कापलेला असावा. नाहीतर मध्ये जमिनीची रेघ डोकावते.

कारखान्यातले काम इतके रेखीव नव्हतेच. कडा धुरकट असत, थोडा रंग बाहेर उडालेला असे, एका कॅबिनेटवरचे चित्र दुसऱ्यावर किंचित सरकलेले असे. तो धुरकटपणा हवा असेल तिथे काही जण साच्याची कड लाकडापासून जराशी उचलून फवारतात. मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल, तर सगळी बाजू खरवडू नये. गेलेल्या भागापुरताच लहान साचा कापून तेवढेच भरावे.