घड्याळाला काय ठाऊक पाय किती राबले

परवा एक तासाची राइड संपवून आम्ही दोघं सायकली टेकवून उभे होतो, आणि मित्राने मनगटावरचं स्मार्ट घड्याळ थेट माझ्या नाकासमोर आणलं. ८१२ कॅलरीज! त्याच्याच हँडलबारवरच्या छोट्या स्क्रीनवर मात्र ‘५४० किलोज्यूल’ दिसत होतं, कारण गड्याने हौसेने पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचं काम मोजणारं उपकरण, बसवून घेतलाय. म्हटलं हे काय मग? तर म्हणे ते ज्यूल वेगळे, कॅलरी वेगळ्या. खरंय. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती असते किलोकॅलरी, आणि १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. मग तिथेच भागून दाखवलं, ५४० चे होतात जेमतेम १२९. आता तो चिडला. तासभर दमून १२९?

८१२ पण नाही आणि १२९ पण नाही. खरा आकडा ५४० च्याच आसपास आहे, आणि तो का, ही मला या सगळ्या भानगडीतली सगळ्यात आवडती गोष्ट आहे. पण आधी घड्याळाकडे बघू.

घड्याळ कॅलरी मोजत नाही. कॅलरीचा सेन्सर असा प्रकारच त्यात नसतो. अंधारात मनगटावरून घड्याळ जरा उचलून बघा, खाली हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मधे पुन्हा वाढतो, हे चढउतार मोजले की झाला हार्ट रेट. हे काम घड्याळं बऱ्यापैकी चोख करतात. २०१७ मधे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटावर ७ वेगवेगळी उपकरणं बांधून तपासलं, तर ६ उपकरणांची हार्ट रेटची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! ती मॉडेल्स आता जुनी झाली, पण ठोक्यांवरून कॅलरीचा अंदाज बांधायची पद्धत बरीचशी तीच आहे.

ठोके बरोबर आणि कॅलरी चूक, हे कसं काय? तर शरीर किती ऊर्जा जाळतंय हे कळायचं असेल तर ऑक्सिजन मोजावा लागतो. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून तेच करतात, १ लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी, चरबी जळत असेल तर थोड्या कमी, कार्बोहायड्रेट जळत असेल तर थोड्या जास्त. आता ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेतं रक्त, आणि रक्त ढकलतं हृदय. अडॉल्फ फिक नावाच्या शास्त्रज्ञाने १८७० मधे याचा हिशोब मांडला: मिनिटाचे ठोके, गुणिले एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त, गुणिले त्या रक्तातून शरीराने काढून घेतलेला ऑक्सिजन. निवांत बसलेल्या माणसाचे ७० ठोके, प्रत्येक ठोक्याला ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ४.९ लिटर रक्त. त्यातल्या दर लिटरमागे शरीर साधारण ५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतं, म्हणजे २४५ मिलिलिटर. जोरात दमलं की हेच ५० चे १५० होऊ शकतात, आणि ठोक्यामागचं रक्तही वाढतं, सराव असलेल्याचं तर खूपच.

म्हणजे तीन आकड्यांच्या गुणाकारातला एकच आकडा घड्याळाला माहिती आहे. उरलेले दोन ते तुमचं वय, वजन, लिंग, उंची बघून अंदाजाने धरतं. आणि एरवी त्याच्या मदतीला असतो हालचालीचा सेन्सर, चालताना-पळताना हात हलतो त्यावरून काहीतरी कळतं. सायकलवर हात हँडलबार धरून गप्प पडलेला, राबतायत पाय, आणि सेन्सरला कळतात फक्त रस्त्यावरचे खड्डे.

शिवाय हृदय काही फक्त कष्टानेच धडधडत नाही. मी एकदा घरात स्टँडवरच्या सायकलवर मुद्दाम फॅन बंद करून ४० मिनिटं १५० वॅटवर बसलो. पहिल्या २० मिनिटांच्या शेवटी १२९ ठोके होते, दुसऱ्या २० च्या शेवटी १४६. पेडलवरचं काम दोन्ही वेळा अगदी तेवढंच, १८० किलोज्यूल. घड्याळाने मात्र पहिल्या भागाला २०५ कॅलरी दिल्या आणि दुसऱ्याला २५१. उकाड्यात शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग एका ठोक्यात रक्त कमी जातं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. ऑक्सिजनचा खप थोडा वाढतो, पण एवढा नाही. कुणी मागून जोरात हॉर्न वाजवून दचकवलं तरी घड्याळ दोन-चार कॅलरी खुशाल देऊन टाकेल.

आता पेडल. पॉवर मीटर क्रँकमधे (पेडल जोडलेल्या दांड्यात) किंवा पेडलमधे बसतो, उलरिख शोबरर या जर्मन इंजिनिअरने १९८६ मधे सायकलसाठी तो पहिल्यांदा चालवून दाखवला. आत धातूची नागमोडी पातळ पट्टी चिकटवलेली असते. पाय दाबला की क्रँक डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, त्याबरोबर पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. त्यावरून जोर कळतो, जोर आणि पेडल फिरण्याचा वेग मिळून वॅट. चांगला मीटर एक-दोन टक्क्यांच्या आत बरोबर असतो. १५० वॅट एक तास म्हणजे १५० गुणिले ३६०० सेकंद, ५,४०,००० ज्यूल, तेच मित्राचे ५४० किलोज्यूल.

पण हे झालं पेडलपर्यंत पोचलेलं काम. स्नायू म्हणजे काही फार काटकसरी इंजिन नाही, सायकल चालवताना जळलेल्या ऊर्जेतली २० ते २५ टक्केच पेडलला मिळते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे जळालेली ऊर्जा काढायला ५४० ला चार ते पाचने गुणायचं. आणि किलोज्यूलच्या किलोकॅलरी करायला ४.१८४ ने भागायचं. चारने गुणा, चारने भागा! आकडा होता तिथेच परत येतो. शरीर २४ टक्के कार्यक्षम असेल तर ५४० किलोज्यूलच्या ५३८ किलोकॅलरी. यात निसर्गाचा काही गूढ संकेत वगैरे नाहीये हं, कॅलरीची व्याख्या पाणी तापवण्यावरून आली, स्नायूंचा त्याच्याशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. आणि हाही अंदाजच, कार्यक्षमता २० टक्के धरली तर ६४५ होतात, २५ धरली तर ५१६. पण ८१२ ला पोचायला ती १६ टक्क्यांवर आणावी लागेल, तेवढा काही तो वाईट सायकलिस्ट नाही.

त्या वाया गेलेल्या उष्णतेवरूनच आठवलं, पोटाला प्लास्टिकचा पट्टा बांधून घाम काढणारे लोक. घाम म्हणजे वितळलेली चरबी नाही हो. मित्राच्या राइडमधे साधारण १७०० किलोज्यूल नुसती उष्णता तयार झाली, ती सगळी घाम वाळवून घालवायची तर पाऊण लिटरभर पाणी लागतं. पट्टा घाम वाळूच देत नाही, म्हणजे ज्यासाठी घाम येतो ते कामच होत नाही, आणि वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी प्यायलं की परत.

हे सगळं मी मित्राला तिथेच उभ्या उभ्या ऐकवलं, तो अर्ध्यातून मोबाइल बघायला लागला. फिकच्या गुणाकारालाच बहुतेक. शेवटी म्हटलं बाबा, निदान सेटिंगमधे तुझं वजन किती टाकलंय ते तरी बघ. उघडलं तर ९१ किलो. तीन वर्षांपूर्वी घड्याळ घेतलं तेव्हाचं. आता तो ७६ आहे.