खरखर, घूंघूं आणि अडकणारं चित्र
(साउंड, माईक, रेडिओ आणि टीव्हीच्या सिग्नलबद्दल आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी)

गणपती जवळ आले की आमचा फोन सारखा वाजू लागतो. "दादा, स्पीकर बदलून द्या, आवाज फाटतोय." माणूस जाऊन बघतो, तर स्पीकर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गडबड त्याच्या मागे कुठेतरी झालेली असते. माईक लांब धरलेला असतो, वायर चुकीच्या जागेवरून नेलेली असते, नाहीतर पिन काळी पडलेली असते. माईकपासून कानापर्यंतच्या वाटेत आवाजात नको ते मिसळतं. एकदा मिसळलेलं वेगळं काढणं फार कठीण. म्हणून ते कुठे मिसळतं, हे आमच्या प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

आवाजाची वीज कशी होते

तुम्ही माईकसमोर बोलता तेव्हा हवेच्या दाबानं आतला पातळ पडदा थरथरतो. पडद्याला बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. ती चुंबकाजवळ हलली की तिच्यात वीज तयार होते. आवाज चढला की वीज चढते, उतरला की उतरते, मध्ये कुठे खंड नाही. याला ॲनालॉग सिग्नल म्हणतात. ही वीज किती? एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. आणि त्याच स्टेजवर शेजारून जाणाऱ्या लाइटच्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात. पुढची सगळी कहाणी या दोन आकड्यांच्या तफावतीतून निघते.

डिजिटल म्हणजे हाच चढउतार ठरावीक वेळानं मोजायचा आणि आकडे लिहून ठेवायचे. देवासच्या कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं गाणं ऐकत आलेल्या इंदूरकरांना मींड समजावून सांगायला नको. एका स्वरावरून दुसऱ्यावर गळा घसरत जातो आणि मधली प्रत्येक जागा ऐकू येते. तेच पेटीवर वाजवलं की पट्टीवरून पुढच्या पट्टीवर उडी मारावी लागते. डिजिटलमध्येही पट्ट्याच असतात, पण फार जवळजवळ. डिजिटल टेलिफोनमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० मापं आणि ६५,५३६ पायऱ्या. इतक्या बारीक पायऱ्या कानाला कळत नाहीत. ४४,१०० हा आकडाही उगाच आलेला नाही. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपांपर्यंत ऐकू येतं, आणि जे टिपायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं तरच ते पूर्ण परत मिळतं.

"डिजिटल म्हणजे चांगलं ना?" असं दुकानात रोज विचारतात. नेहमीच तसं नसतं. माईकांचे आवाज एकत्र करणाऱ्या डिजिटल मिक्सरलाही माईककडून ॲनालॉग वीजच मिळते. तिच्यात खरखर आधीच असेल तर मिक्सर ती खरखरसुद्धा इमानेइतबारे मोजून ठेवतो.

मॉड्युलेशन कशाला हवं

आवाजाची वीज थेट एरियलला देऊन हवेत का सोडत नाहीत? १,००० हर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी ३०० किलोमीटर भरते. नीट काम करणारा एरियल तिच्या साधारण पावपट तरी लागतो, म्हणजे ७५ किलोमीटर. इथून उज्जैनसुद्धा त्याहून जवळ आहे. शिवाय सगळ्यांनी असंच केलं तर सगळे आवाज एकमेकांत मिसळतील. म्हणून वेगानं कंप पावणारी एक वाहक लहर घेतात आणि आवाजाला तिच्यावर स्वार करतात. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. आकाशवाणीचं इंदूर केंद्र मीडियम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्झला लागतं, म्हणजे त्याची वाहक लहर सेकंदाला ६,४८,००० वेळा वरखाली होते.

स्वार होण्याच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त केली की ते एएम. उंची तशीच ठेवून कंपनांचा वेग कमीजास्त केला की ते एफएम. माळव्यात पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडतात तेव्हा मीडियम वेव्हवर चर्रर्र होतं आणि एफएम शांतपणे गात असतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. विजेचा लोळ, मोटारचा स्पार्क, स्वस्तातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट), हे सगळे लहरीच्या उंचीत ढवळाढवळ करतात. एएमचा निरोप उंचीतच असल्यामुळे ती थेट कानात येते. एफएमचा रेडिओ मात्र येणाऱ्या लहरीचे उंचवटे आधी छाटून टाकतो आणि नुसता वेग वाचतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनियरला याची पेटंटं १९३३ साली मिळाली. किंमत मोजावी लागते ती जागेची. आपल्याकडे मीडियम वेव्हवर शेजारशेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, तर एफएमची एकटी वाहक लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलते.

मंगल कार्यालयात भाड्यानं नेता ते कॉर्डलेस माईक बहुतेक एफएमवरच चालतात. माणसाचं शरीर ही लहर शोषून घेतं. म्हणून रिसीव्हर मागच्या खोलीत कपाटाआड ठेवू नका, स्टेजवरून दिसेल असा उंचावर ठेवा. आणि एका फ्रिक्वेन्सीवर एकच माईक चालू ठेवा. दोन ठेवले तर जो जोरदार तो दुसऱ्याला दाबून टाकतो.

नॉइज, म्हणजे आमच्या भाषेत खरखर

काही खरखर कधीच जात नाही. प्रत्येक तारेत, प्रत्येक रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सैरावैरा हलत असतात आणि त्यांची बारीक सूं ऐकू येते. १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनी ती मोजून तिचा हिशेब मांडला. ती शून्य होत नाही. मग आपल्या हातात उरतं काय? सिग्नल तिच्यापेक्षा कितीतरी मोठा ठेवणं. आणि तो सुरुवातीलाच मोठा हवा. शेवटी ॲम्पचा (स्पीकरला जोर देणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) आवाज वाढवला की भजन आणि खरखर दोन्ही सारखीच वाढतात.

भजनी मंडळाच्या कार्यक्रमाला आमचा मुलगा आधी काकूंच्या हातातला माईक नीट करतो. "काकू, छातीशी नको, हनुवटीशी धरा." लोकांना हे शिष्टाचार शिकवणं वाटतं, पण त्यामागे गणित आहे. अंतर दुप्पट झालं की माईकवरचा आवाजाचा दाब निम्मा होतो. ५ सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटरवर गेलात की आठवा हिस्सा उरतो. मग मिक्सरवाला गेन, म्हणजे माईकची वीज मोठी करण्याचं प्रमाण, वाढवतो, त्याबरोबर पंख्याची घरघर आणि स्पीकरचा आवाजही माईकमध्ये शिरतो, आणि शिट्टी वाजते. माईकची जाळी मुठीत धरल्यानंही शिट्टी लवकर येते. दांडीला धरा.

दुसरा प्रकार घूंघूंचा. ती ५० हर्ट्झच्या मेन्सची (बोर्डातून येणाऱ्या विजेची), किंवा तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची असते. मागच्या वर्षी एका मंडळात आरतीला पेटी सुरू झाली की स्पीकरमधून घूं, वर मखराचे दिवे मंद-तेज झाले की चर्र. आमच्या आधी कुणीतरी पेटीच्या माईकची वायर आणि मखराच्या माळेची वायर एकत्र बांधून टेप लावून फार सुबक केली होती. तीस फूट त्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. आम्ही टेप सोडून त्या हातभर दूर केल्या, आणि जिथे ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडल्या. घूं बरीच उतरली. मग साध्या जॅकची वायर काढून तीन पिनांची घातली आणि ती गेलीच.

तीन पिनांच्या वायरीत असं काय आहे? आम्ही काउंटरवर एक तुकडा सोलून ठेवला आहे, येऊन बघा. बाहेर तांब्याची जाळी, आत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा. माईक एका तारेत सिग्नल सरळ पाठवतो, दुसरीत उलटा. समजा एकीत १ आहे आणि दुसरीत उणे १. वाटेत मेन्सची घूं दोन्हींत सारखीच शिरली, समजा ५. आता एकीत ६ झाले, दुसरीत ४. मिक्सर दोन्हींची वजाबाकी करतो. ६ वजा ४ म्हणजे २. घूं पार गेली, सिग्नल दुप्पट मिळाला. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती आमच्या धंद्यात दुसरी नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घूंघूं जावी म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. आवाज गेल्यासारखा वाटतो, पण ॲम्पमध्ये लीकेज आलं तर ती वीज माईक धरणाऱ्याच्या हाताला लागते. स्टेजवर बहुतेक वेळा लहान मुलं असतात. कृपा करून पिन तोडू नका. मिक्सर आणि ॲम्पला एकाच बोर्डावरून लाइन द्या, घूं बहुतेक वेळा तेवढ्यानंच कमी होते.

टीव्हीचं चित्र का अडकतं

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात इंदूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्याआधीच्या ॲनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, पण मॅच बघता यायची. आता चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन अडकतं. डिजिटल सेट-टॉप बॉक्सला आलेला आकडा कोणता एवढंच ओळखायचं असतं. थोडी खरखर असली तरी तो बरोबर ओळखतो, शिवाय आकड्यांबरोबर पाठवलेल्या जादा खुणांवरून चुका दुरुस्त करतो. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केलं की मर्यादित वेगानं पाठवलं तर खरखरीतूनही निरोप हव्या तितक्या अचूकपणे पोहोचवता येतो. पण ती मर्यादा ओलांडली की सगळं एकदम कोसळतं. म्हणून "काल तर चांगलं होतं" हे ग्राहकाचं म्हणणं खरंच असतं. काल सिग्नल काठावर होता आणि चित्रावरून ते कळत नव्हतं.

छतावरची डिशची छत्री ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पकडते. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे जोराचा पाऊस त्यांना शोषतो आणि विखुरतो. मुसळधार पावसात दहा मिनिटं चित्र गेलं तर थांबा, बिघाड नाही. रिमझिमीतही जात असेल तर छत्री हललेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थमध्ये खरखरही मोजली जाते, म्हणून ती भरलेली दिसूनही चित्र अडकू शकतं. क्वालिटीची पट्टी बघा.

आम्हाला फोन करताना आवाज कसा येतोय ते तोंडानं काढून दाखवा, लाजू नका. घूं, चर्र आणि सूं यांची कारणं वेगवेगळी असतात. माईकची वायर उपटली की तो थांबतो का, दिवे बंद केले की थांबतो का, हे दोन मिनिटांत बघून ठेवा. टीव्ही असेल तर क्वालिटीचा आकडा सांगा. दुकानात वायर आणताना ती कापून, टेप लावून आणू नका. आहे तशी गुंडाळून आणा, बिघाडाची खूण तिच्यावरच असते.