लाकडावरील रून लेख

रून ही उत्तर युरोपातील जर्मानिक भाषा बोलणाऱ्यांची अक्षरे. जुन्या वर्णमालेत ती २४ होती. स्कँडिनेव्हियात आठव्या शतकाच्या सुमारास १६ उरली. रून म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या स्मारकशिळा, पण रोजच्या लिहिण्याला लाकूडच जवळचे होते. सहाव्या शतकातील लॅटिन कवी व्हेनान्शियस फॉर्च्युनेटस पत्र न पाठवणाऱ्या मित्राला सुचवतो, की ॲश नावाच्या झाडाच्या फळीवर रून लिही. पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, काम तासलेली काठीही करते.

लिहायला चाकू पुरे. काठीच्या दोन किंवा चार बाजू तासून सपाट करायच्या, तंतूंना काटकोनात दांडा कापायचा आणि त्याला तिरक्या रेघा जोडायच्या. तंतूंच्या दिशेने ओढलेली रेघ लाकडाच्या रेषांत हरवते, नाहीतर चाकू घसरून ढलपी निघते. देवनागरीची शिरोरेषा अशा काठीवर कोरून पाहिली की ही अडचण लगेच कळते. रून अक्षरांत आडवी रेघ नसण्याचे हेच कारण बहुतेक ठिकाणी दिलेले असते. ते पटण्याजोगे आहे, पण सरसकट लावू नये, कारण टिकलेले अगदी जुने लेख बरेचसे धातूवर आणि हाडावर आहेत, आणि त्यांतल्या काहींत अक्षरांना गोलाईही आहे.

लाकूड टिकते ते ओल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या थरात. जर्मनीत व्रेमेनजवळ फालवार्ड येथील पाचव्या शतकातल्या दफनात पाय टेकायचे लाकडी बाक सापडले. त्यावर लॅटिनमधून आलेले ‘क्सामेल्ला’, म्हणजे छोटे बाक, हे त्या वस्तूचेच नाव कोरलेले आहे.

सर्वांत मोठा साठा मात्र मध्ययुगीन आहे. नॉर्वेच्या बर्गेन बंदरात ब्रिग्गेन या धक्क्यावर १९५५ साली आग लागली. त्यानंतरच्या उत्खननात सुमारे ६७० लेख मिळाले, बहुतेक लाकडावर. शहरात वारंवार आगी लागल्या आणि प्रत्येकीने राखेचा थर सोडला, त्यामुळे काठ्यांचा काळ ठरवता येतो. मालाला बांधायच्या पट्ट्यांवर मालकाचे नाव आणि पुढे ‘आ’ असते. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे तिथल्या त्या काळच्या भाषेत, त्याचा अर्थ ‘याच्या मालकीचे’. शिवाय व्यापारी पत्रे, लॅटिन प्रार्थना, प्रेमाच्या ओळी, वर्णमालेचा सराव. चौदाव्या शतकातही रून सर्रास चालत होते हे या काठ्यांनीच दाखवले. शिळांवर मृतांचे स्मरण आहे, इथे हिशेब आणि निरोप. त्या समाजाची बोलती भाषा समजून घ्यायला या काठ्याच अधिक मोलाच्या आहेत.

वाचताना घोटाळे होतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, जोडीचे अक्षर एकदाच लिहितात, आणि १६ अक्षरांच्या मालेत एकच चिन्ह ‘क’ आणि ‘ग’ दोन्हींसाठी येते. वाळताना पडलेली भेग रेघेसारखी दिसते. म्हणून प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा टाकून पाहतात: चाकूचा छेद इंग्रजी व्ही आकाराचा, नितळ कडांचा असतो, भेग तंतूंबरोबर धावते. पाण्यात मुरलेले लाकूड उघड्यावर सुकू दिले तर आकसून पिळवटते आणि उथळ रेघा जातात. ते ओलेच ठेवून आतल्या पाण्याच्या जागी हळूहळू पॉलीएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवतात.

ब्रिग्गेनच्या एका काठीवर एवढाच निरोप आहे: ‘ग्युदा म्हणते, तू घरी ये.’ दुसऱ्या बाजूला कुणीतरी उत्तर कोरू पाहिले आहे, पण त्या रेघांतून वाचण्याजोगे काही निघत नाही.