फील्डबस (मोटर-ड्राइव्ह नियंत्रण)

पीएलसी (यंत्रे चालवणारा, आज्ञावली भरता येणारा औद्योगिक नियंत्रक) आणि मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांच्यात आज्ञा, अपेक्षित वेग व दोषसूचना एकाच केबलवरून नेणारी अंकीय संपर्कप्रणाली. तिच्याअभावी प्रत्येक ड्राइव्हला चालू-बंदच्या वेगळ्या तारा आणि वेगासाठी ४ ते २० मिलिॲम्पिअरचा संकेत द्यावा लागतो. दोन-तीन मोटरींच्या पॅनेलला तेवढे पुरते.

उगम : आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९७३ च्या मिल-एसटीडी-१५५३ या अमेरिकी लष्करी विमानांच्या मानकापर्यंत मागे जातात. इतर काही १९७९ मध्ये मॉडिकॉनने आपल्या पीएलसींसाठी काढलेल्या मॉडबसला पहिला मान देतात. परंतु मॉडबस ही मूलतः संदेशांची मांडणी आहे. तो ज्या आरएस-४८५ तारांवर आज मुख्यतः चालतो, ते विद्युत मानक १९८३ च्या सुमाराचे. खुले, अनेक उत्पादकांना समान असलेले मानक ही कसोटी लावल्यास १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध, म्हणजे फ्रान्समधील फिप ही फील्डबस आणि १९८७ मध्ये जर्मनीत सुरू झालेला प्रोफिबस प्रकल्प, हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कॅन या बसचा वंश निराळा : बॉशने तो मोटारगाड्यांसाठी घडवला व १९८६ मध्ये जाहीर केला; कॅनओपन आणि डिव्हाइसनेट हे औद्योगिक प्रोटोकॉल त्यावर उभे राहिले. जगासाठी एकच फील्डबस ठरवण्याचा प्रयत्न फसला आणि २००० च्या सुमारास आयईसी ६११५८ या आंतरराष्ट्रीय मानकात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार शेजारी शेजारी बसले. ड्राइव्ह घेताना संपर्ककार्ड वेगळे निवडावे लागते, त्याचे मूळ या तडजोडीत आहे.

वेग व प्रोफाइल : मॉडबस आरटीयू या मॉडबसच्या तारांवरील रूपात मास्टर (बहुधा पीएलसी) एकेका ड्राइव्हला विचारतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) दोन रजिस्टरे, म्हणजे ड्राइव्हमधील आकड्यांचे कप्पे, वाचायला, संदेशांमधली शांतता धरून, साधारण २७ मिलिसेकंद जातात. दहा ड्राइव्हना पाव सेकंदाहून अधिक, आणि ड्राइव्हचा स्वतःचा उत्तरकाळ वेगळा. प्रोफिबस-डीपी १२ मेगाबिटपर्यंत जातो, पण त्या वेगाला तांब्याच्या केबलचा एक टप्पा १०० मीटरच चालतो. प्रोफिनेट, इथरनेट/आयपी आणि २००३ चे इथरकॅट ही इथरनेटवरील कुळे. इथरकॅटचे चक्र मिलिसेकंदाच्या आत येते. कॅनओपन व इथरकॅट यांवर बहुधा सीआयए ४०२ हे ड्राइव्ह-प्रोफाइल, म्हणजे आज्ञांचा सर्व उत्पादकांना समान अर्थ, असते : नियंत्रणशब्दात (ड्राइव्हला आज्ञा देणाऱ्या आकड्यात) क्रमाने ६, ७ आणि १५ लिहिल्यावर मोटर सज्ज होते. प्रोफिबस व प्रोफिनेटवरील प्रोफिड्राइव्हमध्ये १६३८४ हा आकडा शंभर टक्के वेग दर्शवतो. मॉडबसला असे सामायिक प्रोफाइल नाही. प्रत्येक उत्पादकाचा रजिस्टर-तक्ता निराळा, शिवाय काही तक्ते एकपासून मोजलेले तर काही शून्यापासून.

सोलापूर : जिल्ह्यात साखर कारखाने आणि शहरात चादर-टॉवेलचा कापडउद्योग असल्याने निवडीचे दोन वेगळे प्रसंग येथे शेजारी शेजारी सापडतात. साखर कारखान्यात गव्हाणीच्या (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या) ड्राइव्हचा वेग डोनेली शूटमधील, म्हणजे गिरणीच्या तोंडावरील उभ्या नळकांड्यातील, उसाच्या पातळीनुसार बदलतो. हा बदल काही सेकंदांत व्हायचा असल्याने तेथे मॉडबस पुरतो. कापडउद्योगातील सायझिंग यंत्रात (सुताला खळ लावणाऱ्या यंत्रात) मात्र खळीचे कुंड, सुकवणीचे सिलिंडर आणि बीम (सूत गुंडाळायचा रूळ) यांच्या वेगांचे गुणोत्तर किंचित ढळले तरी सुताचा ताण बिघडतो. वेगांचा मेळ संपर्कावरूनच राखायचा तर तेथे जलद चक्राचा पर्याय हवा. मंद बसवर तो मेळ ड्राइव्हमध्येच ठेवावा लागतो.

जोडणी : आरएस-४८५ ची केबल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशीच न्यावी, फाटे फोडू नयेत. १२० ओहमचा रोध फक्त दोन टोकांना असावा आणि केबल मोटरच्या पॉवर-केबलपासून दूर ठेवावी. संपर्क तुटल्यास ड्राइव्हने थांबावे की शेवटच्या वेगाने चालत राहावे, हे मांडणीत ठरवून द्यावे लागते. काही ड्राइव्हमध्ये ही देखरेख मुळात बंद असते, आणि उसाने भरलेल्या गव्हाणीवर ती बंद राहणे धोक्याचे आहे. तातडीच्या थांब्यासाठी प्रोफिसेफसारखे सुरक्षा-प्रोटोकॉल उपलब्ध आहेत. ते नसतील तेथे ड्राइव्हच्या एसटीओ (मोटरचे बल सुरक्षितपणे तोडणाऱ्या) टर्मिनलला स्वतंत्र तारा नेतात.